काटा मधोमध आहे, पण इंजिन किती तापलंय? टेंपरेचर मीटर वाचायला शिका

पुण्याहून साताऱ्याकडे निघालो होतो. खंबाटकी घाट चढताना बायकोच्या हातात गाडीला जोडलेला मोबाइल होता आणि ती त्यावरचे इंजिनच्या तापमानाचे आकडे वाचून दाखवत होती. पायथ्याशी ८८. पहिल्या वळणांनंतर ९३. पुढे एका लोडेड ट्रेलरच्या मागे पहिल्या-दुसऱ्या गिअरवर रांगायला लागलो तेव्हा ९८, मग १०२. मे महिना, गाडीत चौघं, एसी चालू. या सगळ्या वेळात डॅशबोर्डवरचा टेंपरेचरचा काटा बरोब्बर मधोमध, भिंतीत ठोकलेल्या खिळ्यासारखा. चौदा अंशांचा फरक पडला आणि काटा केसभरही हलला नाही.

काटा बिघडलेला नव्हता. तो तसा वागावा असंच त्याला शिकवलेलं असतं. हे एकदा कळलं की त्या काट्यावर कुठे विसंबायचं आणि कुठे नाही, हे ठरवता येतं.

काटा चिकटतो कशामुळे

फियाट आणि अँबेसेडरच्या काळात घाटात बोनेट उघडून, पाण्याचा कॅन घेऊन उभे असलेले लोक हे नेहमीचं दृश्य होतं. त्या गाड्यांत इंजिनवरच्या सेन्सरची वायर थेट मीटरला जायची. घाट लागला की काटा चढायचा, उतार लागला की उतरायचा. ड्रायव्हरची एक नजर कायम त्याच्यावर असायची.

आताच्या गाडीत मध्ये बरेच दलाल आले आहेत. कूलंटमध्ये, म्हणजे इंजिन गार ठेवायला आत फिरणाऱ्या द्रवात, बुडालेला सेन्सर म्हणजे थर्मिस्टर. तो तापला की त्याचा विद्युतरोध कमी होतो. २० अंशांना साधारण अडीच हजार ओहम असलेला रोध ८० अंशांना तीनशेच्या आसपास येतो. हा निरोप आधी ईसीयूकडे, म्हणजे गाडीच्या कंप्युटरकडे जातो. त्यावरून पेट्रोल किती सोडायचं, स्पार्क कधी द्यायचा, रेडिएटरचा फॅन कधी लावायचा हे ठरतं. मग तोच आकडा मीटरच्या पॅनेलकडे जातो आणि काटा कुठे दाखवायचा हे पॅनेलमधला प्रोग्राम ठरवतो. बऱ्याच गाड्यांत साधारण ७५ पासून १०५ पर्यंत कुठलाही आकडा आला तरी काटा मधोमधच ठेवला जातो. पट्ट्यांच्या डिजिटल मीटरचंही तेच. चार पट्ट्या म्हणजे चार पट्ट्या, मग आत ८० असो की १००.

कंपन्यांनी हे मुद्दाम केलं. काटा जरा हलला की गिऱ्हाईक काळजीत पडून सर्व्हिस सेंटर गाठायचं आणि गाडीत दोष काही निघायचा नाही. त्यांच्या बाजूने बोलायचं तर यात लबाडी फारशी नाही. कूलिंग सिस्टीम बंद आणि दाबाखाली असते. रेडिएटरच्या झाकणावर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो, तो हा दाब. त्या दाबाखाली साधं पाणीसुद्धा १०० ला उकळत नाही, १२० च्या आसपास उकळतं, आणि कूलंट मिसळलं की आणखी वर. कितीतरी गाड्यांचा फॅनच मुळी ९५ ते १०० च्या दरम्यान सुरू होतो. म्हणजे घाटातले १०२ ही घाबरण्याची गोष्ट नव्हती.

दुखणं वेगळंच आहे. जुना काटा आजार सुरू झाल्यापासून सांगत यायचा. आताचा काटा मधल्या जागेवरून हलतो तेव्हा इंजिन नेहमीची हद्द ओलांडून गेलेलं असतं आणि तिथून लाल रेषेपर्यंत तो भराभर जातो. तुमच्या हातात दोन-तीन मिनिटंच उरतात. म्हणून पहिला नियम: नव्या गाडीत काटा मधल्या जागेच्या एक केस जरी वर दिसला, तरी ती मोठी बातमी समजा.

आधी आपल्या गाडीत काय आहे ते पाहा

काही गाड्यांत काटा नाहीच. होंडा जॅझसारख्या गाडीत थंड इंजिनसाठी निळा दिवा आणि अति तापलेल्या इंजिनसाठी लाल दिवा, मध्ये काहीच नाही. लोक याला कंजूषपणा म्हणतात. मला मात्र मधोमध अडकवून ठेवलेल्या काट्यापेक्षा हा दिवा प्रामाणिक वाटतो. माहिती नाही तर नाही, तो तसा आव तरी आणत नाही.

किल्ली फिरवून, इंजिन चालू न करता, पॅनेलकडे पाहा. बहुतेक गाड्यांत टेंपरेचरचा लाल दिवा क्षणभर लागून विझतो. लागलाच नाही तर गाडीचं मॅन्युअल उघडून तो लागायला हवा की नाही हे बघा. ज्या गाडीत फक्त दिवाच आहे, तिथे तो दिवा मेलेला असणं म्हणजे राखणदार झोपलेला असणं.

निळा दिवा असेल तर तो विझेपर्यंत इंजिन दामटू नका. थंड इंजिनात ईसीयू जास्त पेट्रोल सोडतं, ऑइल घट्ट असतं आणि झीज याच वेळात जास्त होते. पण जागेवर उभं राहून दहा मिनिटं रेस देत बसायचीही गरज नाही. अर्धा मिनिट थांबा, निघा आणि पहिले चार-पाच किलोमीटर हलक्या पायाने चालवा. गाडी चालताना इंजिन लवकर तापतं.

खरा आकडा कसा मिळवायचा

स्टिअरिंगच्या खाली, गुडघ्यांच्या वर कुठेतरी सोळा पिनांचं एक सॉकेट असतं, ओबीडी पोर्ट. २०१३ नंतरच्या बहुतेक गाड्यांत ते सापडेल. त्यात बसणारं ब्लूटूथचं छोटं डोंगल ऑनलाइन हजार रुपयांच्या आसपास मिळतं. मोबाइलवर टॉर्क किंवा कार स्कॅनरसारखं अॅप टाकायचं, डोंगल जोडायचं, किल्ली फिरवायची आणि यादीतून कूलंट टेंपरेचर निवडायचं. ईसीयू ज्या आकड्यावर स्वतः काम करतं तोच आकडा तुम्हाला दिसतो. आयफोन असेल तर साधं ब्लूटूथ डोंगल चालत नाही, वाय-फायचं किंवा आयफोनला चालेल असं लिहिलेलं घ्या.

दोन पथ्यं. आकडे ड्रायव्हरने वाचायचे नाहीत, शेजारच्याने वाचायचे. आणि डोंगल कायम लावून ठेवायचं नाही. गाडी आठवडाभर उभी राहणार असेल तर ते बॅटरी चाटून ठेवतं.

जुन्या काही गाड्यांत मीटरसाठी एक आणि ईसीयूसाठी एक असे दोन वेगळे सेन्सर असतात. तिथे मोबाइल एक सांगतो आणि काटा दुसरंच, असं होऊ शकतं. अशा वेळी काट्याचा सेन्सर किंवा त्याची वायर तपासून घ्या, ही दुरुस्ती फारशी खर्चिक नाही.

आपल्या गाडीची नोंद ठेवा

हे काम लोक टाळतात, आणि खरं मोल याच कामाला आहे. दुसऱ्याच्या गाडीचे आकडे तुमच्या उपयोगाचे नाहीत. गाडी धडधाकट असतानाचे तुमचे आकडे वहीत असले, की सहा महिन्यांनी काय बदललं ते कळतं. एक रविवार पुरतो.

सकाळी, रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत डोंगल लावा. इंजिन चालू करू नका, नुसती किल्ली फिरवा. कूलंटचं तापमान आणि इंजिनात शिरणाऱ्या हवेचं तापमान, दोन्ही वाचा. रात्रभरात सगळं सारखं थंड झालेलं असल्यामुळे दोन्ही आकडे जवळजवळ सारखे हवेत, तीन-चार अंश इकडेतिकडे. बाहेर २४ आहे, हवा २५ दाखवतेय आणि कूलंट ४० दाखवतंय, तर सेन्सर खोटं बोलतोय. कूलंट उणे ४० दाखवत असेल तर सेन्सरची वायर तुटली आहे किंवा प्लग निघाला आहे. उणे ४० अंश महाबळेश्वरलाही पडत नाहीत.

मग गाडी सुरू करून नेहमीच्या रस्त्याने निघा आणि ८० अंश व्हायला किती मिनिटं लागली ते लिहा. नंतर मोकळ्या रस्त्यावर साठ-सत्तरच्या वेगात पंधरा मिनिटं चालवून आकडा कुठे स्थिरावतो ते लिहा. तो साधारण थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावरच ते रेडिएटरकडे सोडणारी झडप) उघडण्याच्या तापमानाच्या जरा वर असतो. बहुतेक थर्मोस्टॅट ८२ ते ९० च्या दरम्यान उघडतात, काही नव्या इंजिनांत त्याहून वर.

शेवटी गाडी उभी करा, एसी बंद ठेवा आणि इंजिन चालू ठेवून वाट पाहा. आकडा हळूहळू चढेल, एका ठिकाणी बोनेटखालून फॅनची घरघर ऐकू येईल, आकडा पाच-सहा अंश उतरेल, फॅन थांबेल. फॅन कितीला लागला आणि कितीला थांबला, दोन्ही लिहा. एसी बंद ठेवायचा कारण एसी लावला की बऱ्याच गाड्यांत फॅन तापमानाची वाट न बघता सुरू होतो आणि परीक्षा फुकट जाते. आकडा १०५ च्या पुढे गेला तरी फॅन लागत नसेल तर परीक्षा तिथेच थांबवा, इंजिन बंद करा.

आकडा बदलला तर संशय कुणावर

ट्रॅफिकमध्ये चढतो, रस्ता मोकळा मिळाला की उतरतो: फॅनकडे बघा. वेगात रेडिएटरला वारा आपोआप मिळतो, उभ्या गाडीला तो फॅननेच द्यावा लागतो. फ्यूज, रिले, फॅनची मोटर, या क्रमाने तपासायला सांगा. फ्यूज काही रुपयांचा असतो, त्यामुळे सुरुवात मोटर बदलण्यापासून करणाऱ्या मेकॅनिकला थांबवा.

उलट, सिग्नलला ठीक असतो पण घाटात किंवा हायवेवर वेग धरला की चढतो: इथे फॅन निर्दोष. पाणी कमी आहे, किंवा रेडिएटर आतून क्षारांनी किंवा बाहेरून चिखल-किड्यांनी बुजला आहे, किंवा वॉटर पंप थकला आहे, किंवा थर्मोस्टॅट अर्धवट उघडतोय. आपल्याकडे बोअरचं पाणी वर्षानुवर्षं भरलेल्या गाड्यांत आतून बुजलेला रेडिएटर हा नेहमीचा आरोपी. घरच्या गीझरच्या कॉइलवर जो पांढरा थर जमतो, तोच इथे जमतो.

आकडा ७० च्या पुढे जायलाच तयार नाही, उतारावर तर ६० वर येतो: थर्मोस्टॅट उघडा अडकला आहे किंवा कुणीतरी काढून टाकला आहे. ईसीयूत पी०१२८ हा बिघाडाचा कोड साठलेला सापडेल, तो डोंगलच्या अॅपमध्ये दिसतो. काट्याच्या गाडीत काटा मधल्या जागेपर्यंत पोचत नाही आणि मालक खूश असतो की गाडी किती थंड राहते! मायलेज का पडलं, याचं उत्तर तो दुसरीकडे शोधत राहतो.

थंड गाडी सुरू करताच फॅन जोरात फिरायला लागतो: सेन्सर किंवा त्याची वायर. ईसीयूला आकडा मिळत नसला की ते सुरक्षिततेसाठी फॅन लावूनच ठेवतं. कोड बहुधा पी०११७ किंवा पी०११८.

आकडा उड्या मारतो, ९० वरून १०५, पुन्हा ९०: पाणी कमी होऊन आत हवा शिरली आहे.

आणि सगळ्यात वाईट, म्हणून शेवटी: गाडी तापत होती आणि अचानक काटा खाली पडला. लोक सुटकेचा निःश्वास टाकून पुढे जातात आणि तिथेच इंजिन जातं. सेन्सर पाण्याचं तापमान मोजतो, लोखंडाचं नाही. होज पाइप फुटून पाणी सांडून गेलं की सेन्सर हवेत लोंबकळतो आणि कोमट हवेचा आकडा सांगत बसतो. आत हेड, म्हणजे इंजिनचा वरचा धातूचा भाग, भाजत असतं आणि काटा थंड दाखवत असतो. फोर्डच्या काही इंजिनांत याच कारणासाठी सेन्सर पाण्यात न ठेवता हेडच्या धातूत बसवलेला आहे. बाकीच्यांनी एक खूण लक्षात ठेवावी: काटा पडला आणि हीटर लावल्यावर गार हवा आली, तर पाणी संपलं आहे. त्याच क्षणी थांबा.

काट्याच्याही आधी खबर देणारं एक चिन्ह आहे. इंजिन जास्त तापायला लागलं की बऱ्याच गाड्यांचं ईसीयू एसीचा कंप्रेसर स्वतःहून बंद करतं. घाट चढताना ब्लोअर चालू आहे पण एकाएकी गार हवा येईनाशी झाली, तर एसीवाल्याला शिव्या देण्याआधी काट्याकडे बघा.

सीएनजी वाल्यांसाठी आणखी एक. बऱ्याच गाड्या पेट्रोलवर सुरू होतात आणि इंजिन थोडं तापल्यावर गॅसवर जातात, कारण गॅसचा रिड्यूसर, म्हणजे गॅसचा दाब कमी करणारा भाग, गरम ठेवायला कूलंटच वापरतात. रोजच्यापेक्षा गॅसवर जायला फार वेळ लागू लागला किंवा रिड्यूसरवर बर्फ धरलेला दिसला, तर गॅस किटच्या आधी कूलंटची पातळी बघा.

रस्त्यात काटा चढला तर

मधल्या जागेच्या वर गेलाय, पण लालपर्यंत नाही. एसी बंद करा. हीटरचा नॉब पूर्ण लाल टोकाला, ब्लोअर पूर्ण, खिडक्या खाली. मे महिन्यात हे वेडेपणाचं वाटेल, पण हीटर म्हणजे केबिनमध्ये बसवलेला छोटा रेडिएटरच. इंजिनची उष्णता तो तुमच्या अंगावर घेतो. अॅक्सिलरेटर हलका करा, पुढच्या ट्रकला ओव्हरटेक करण्याचा विचार सोडा. दोन मिनिटांत काटा उतरायला लागला नाही तर बाजूला घ्या.

लाल झाला, दिवा लागला किंवा बोनेटच्या फटीतून वाफ आली: हॅझर्ड लावा, कडेला घ्या, इंजिन बंद. पुढच्या धाब्यापर्यंत, पुढच्या टोलपर्यंत असा हिशेब करायचा नाही. अॅल्युमिनियमचं हेड वाकायला काही मिनिटं पुरतात. हेड वाकलं आणि त्याखालचं सील, म्हणजे गॅस्केट, उडालं की खर्च पाच आकडी होतो. प्रवाशांना उतरवून रस्त्याच्या कडेच्या कठड्याच्या पलीकडे उभं करा. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ हा हेल्पलाइन नंबर आहे.

मग काहीही न करता अर्धा-पाऊण तास थांबायचं. हा भाग सर्वांत अवघड, कारण चार माणसं गोळा होतात आणि त्यांतला एक हमखास झाकण उघडायला सरसावतो. त्याला आवरा. दाबाखालचं पाणी झाकण सैल होताच उकळून अंगावर फवारतं. तोंड आणि हात भाजतात, तेही वाईट. रेडिएटरला झाकण नाही, फक्त प्लास्टिकच्या टाकीला आहे, अशा गाड्यांत तेच दाबाचं झाकण असतं, त्यालाही हात लावायचा नाही. गरम इंजिनवर बाहेरून पाणी ओतणं हाही असाच एक लोकप्रिय आत्मघात. आणि फॅनपासून बोटं लांब ठेवा, इंजिन बंद असतानाही तो अचानक फिरू शकतो.

वरचा होज पाइप हाताला सोसेल इतका गार झाला की झाकणावर जाड फडकं टाकून ते थोडंसं फिरवा, फुसफुस थांबू द्या, मग काढा. पाणी कमी असेल तर हळूहळू भरा. बाटलीबंद पाणी चालेल. गाडी सुरू करून खाली कुठे गळतंय का, फॅन फिरतोय का ते पाहा. पाणी राहत असेल तर आकडा बघत, हलक्या पायाने जवळच्या गॅरेजपर्यंत जा. गळत असेल, किंवा ऑइलची कांडी काढल्यावर ऑइल दुधाळ चहासारखं दिसलं, किंवा टाकीत सतत बुडबुडे येत असले, तर टोइंग बोलवा.

गॅरेजमध्ये

मेकॅनिकला नुसतं 'गाडी गरम होते' सांगू नका. उभ्या गाडीत की चालत्या, एसी लावून की बंद, फॅन फिरत होता का, किती आकडा गेला होता, पाणी किती भरावं लागलं, हे सांगा. तुमची वही दाखवलीत तर तो आधी हसेल आणि मग नीट ऐकेल.

आणि तो म्हणाला, 'साहेब, वॉल काढून टाकतो, गाडी कधी गरम होणार नाही', तर नको म्हणा. वॉल म्हणजे थर्मोस्टॅट. आपल्याकडे हा उपाय अजूनही सर्रास होतो. माझ्या आधीच्या गाडीचा थर्मोस्टॅट असाच एका गॅरेजने मला न विचारता काढला होता. दीड वर्ष काटा खालीच राहायचा, मी निश्चिंत होतो आणि मायलेज घसरत होतं. काढलेला भाग फळीवर ठेवून दिला होता असं त्याने नंतर निवांतपणे सांगितलं. पाणी सतत फिरत राहिलं की इंजिन कामाच्या तापमानाला पोचतच नाही, ईसीयू ते थंडच समजतं आणि जास्त पेट्रोल सोडत राहतं. बिघडला असेल तर नवा बसवा.

कूलंट बदलताना रंगावर जाऊ नका. हिरवं, लाल, निळं हे रंग कंपन्या आपापल्या मर्जीने देतात. मॅन्युअलमध्ये जो प्रकार लिहिलाय तोच घ्या, कॉन्सन्ट्रेट असेल तर डिस्टिल्ड पाण्यात मिसळा आणि दोन वेगळे प्रकार एकत्र करू नका. झाकणाचं रबर चिरलेलं असेल तर झाकणही बदला. ते दाब धरेना झालं की पाणी लवकर उकळतं आणि बाकी सगळं ठीक असूनही गाडी तापते.

जुनी गाडी घेताना

डोंगलचा सगळ्यात चांगला उपयोग मला इथे वाटतो. मालकाला सकाळची वेळ द्या आणि गाडी सुरू करून ठेवू नका असं आधीच सांगा. गेल्या गेल्या डोंगल लावून कूलंट आणि हवेचं तापमान बघा. दोन्ही सारखी असतील तर पुढे जा: इंजिन तापू द्या, एसी बंद ठेवून फॅन लागतो का पाहा, वीस मिनिटं फिरवून आणा, चढ असेल तर चढावरून. आकडा कुठे स्थिरावतो, कोणते कोड साठले आहेत, हेही बघा. काही साठलेलंच नसेल आणि अॅप सांगत असेल की कोड पुसल्यापासून गाडी फक्त आठ किलोमीटर चालली आहे, तर कालच कुणीतरी साफसफाई केली आहे.

आणि पोचलात तेव्हाच कूलंट ६५ दाखवत असेल, तर गाडी तुमच्यासाठी आधीच तापवून ठेवलेली आहे. थंड इंजिन सुरू होताना काय आवाज करतं, सायलेन्सरमधून काय निघतं हे तुम्हाला दिसू नये म्हणून असेल, किंवा मालक सकाळी दूध आणायला गेला असेल. चहा घ्या, भांडू नका आणि उद्या पुन्हा येतो म्हणून सांगा.